कोट्याचे काका

छत्तीसगडमधल्या अहिवाऱ्यात एखाद्या मराठी घरी रात्री आठनंतर गेलात आणि सगळे टीव्हीकडे बघत असताना एकच गृहस्थ मोबाइलवर डेटाचा आकडा बघताना दिसले, तर ते कोट्याचे काका समजावेत. वय साठीपलीकडचं. नोकरी नंदिनीच्या खाणीत, भिलाई स्टील प्लांटला जाणाऱ्या चुनखडीचे टन लिहिण्यात गेली. आता टनांच्या जागी जीबी आले, एवढंच.

सूनबाई सोनी लिव्हवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लावते. घर खदखदून हसतं. काका विचारतात, “एचडीत लावलंय का गं?”

“हो बाबा.”

“विनोद साध्यातही कळतो.”

त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने साधं चित्र तासाला सुमारे 1 जीबी खातं, एचडी 3 आणि फोर-के 7. हे आकडे काकांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत.

ही धास्ती जुनी. 2005 साली बीएसएनएलचं ‘डेटावन’ आलं. 500 रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याचा डेटा मोजका, त्यावर गेलं की मेगाबाइटमागे पैसे. मात्र रात्री 2 ते सकाळी 8 सगळं मोकळं. तेव्हा काका गजर लावून उठत आणि नाट्यगीतं उतरवून घेत. ऐकायला वेळ मिळाला नाही तो नाहीच, पण फुकटचं सोडलं नाही.

मग फायबर आलं. ‘अनलिमिटेड’ म्हणून घेतलेल्या कनेक्शनच्या बारीक अक्षरांत काकांना 3300 जीबीची मर्यादा सापडली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मर्यादाच नसती तर राखायचं काय? नातवाने हिशेब मांडला: तासाला 3 जीबी धरले तरी हा कोटा 1100 तास पुरतो, आणि महिन्याचे तास फार तर 744. म्हणजे टीव्ही अहोरात्र चालू ठेवला तरी संपणार नाही. काकांनी कागद दोनदा तपासला. “आणि फेब्रुवारीत?” असं विचारून ते पुन्हा पहाऱ्यावर बसले.

त्यांना न्याय मिळाला तो धाकट्या भावाच्या घरी. तिथे तार पोचली नव्हती, म्हणून एअरफायबर बसलं. त्याचा कोटा 1000 जीबी. फोर-केत पाहिलं तर जेमतेम 143 तास, दिवसाला पाच तासही नाहीत. त्यात दोन टीव्ही आणि आयपीएलचा मोसम. महिना संपायच्या आत चित्र अडखळू लागलं, तेव्हा काका मुद्दाम चहाला गेले. शेजारीही हल्ली कुंपणावरून छत्तीसगडीत विचारतात, “कतका बाँचे हे, कका?” (किती उरलंय, काका?) आणि काका दशांशासकट सांगतात.

बातम्यांची चिंता मात्र त्यांना नाही. डीडी फ्री डिशची छत्री त्यांनी अजून गच्चीवरून उतरवलेली नाही. सह्याद्री वाहिनी आकाशातून येते, तिचा एक एमबीही मोजला जात नाही. बातम्या ते तिथेच पाहतात आणि पाहताना राउटर बंद करतात.

लेक अटलांटात असते. तिथे कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने 2020 साली महिन्याला 1.2 टीबीची मर्यादा ठेवली आणि पुढच्या प्रत्येक 50 जीबीला 10 डॉलर लावले, हे कळल्यापासून काका दर रविवारी तिला काटकसर शिकवतात. व्हिडिओ कॉलवर, तासभर.