पोर्तुगीज शिका, पण आधी पत्ता ठरवा

"कायले शिकता बाप्पा पोर्तुगीज? यवतमाळात कोणाशी बोलसान?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर बाजार समितीच्या आवारात पडलं आहे.

आपली मुख्य पिकं तीन: कापूस, सोयाबीन, तूर. सोयाबीन पिकवण्यात ब्राझील जगात पहिला. 2023-24 च्या हंगामात अमेरिकेला मागे टाकून कापसाच्या निर्यातीत पहिला आला, तोही ब्राझीलच. राहिली तूर. 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. तिथून येणाऱ्या तूर-डाळींची आयात वर्षाला 1 लाख टनांवरून 2 लाख टनांवर न्यायचं ठरलं. पुढे या कराराला 2025-26 पर्यंत मुदतवाढ मिळाली. ब्राझील पोर्तुगीज बोलतो. मोझांबिकची राजभाषाही पोर्तुगीज.

पिकं तीन, स्पर्धकांची भाषा एक. आणि ती आपल्याला ओ की ठो कळत नाही.

2023 च्या अखेरीस भारताकडे निघालेली तूर मोझांबिकच्या नाकाला बंदरात अडकून पडली. निर्यातदारांचं भांडण कोर्टात गेलं. ते कोर्ट पोर्तुगीजमध्ये चालतं, तिथली वर्तमानपत्रंही. ही खबर दारव्ह्याच्या किंवा घाटंजीच्या तूरवाल्याला कोण सांगणार? व्यापारी. कधी सांगणार?

त्याच्या सोयीने.

तेव्हा कशाला शिकायची, हा प्रश्न मिटला. कशी शिकायची, हा उरला. आणि इथेच लोकांची फसगत होते.

'30 दिवसांत पोर्तुगीज' ही पहिली फसगत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना या भाषेसाठी साधारण 600 ते 750 तास वर्गात बसवते. ते अधिकारी पूर्ण वेळ तेच काम करतात. रोज एक तास काढणाऱ्या दुकानदाराने हिशेब आपला आपण करावा. दोन वर्षं.

दोन वर्षं फार वाटतात? दिवाळीपासून होळीपर्यंत फोनवर किती तास जातात, ते एकदा फोनलाच विचारा.

दुसरी फसगत अधिक महाग. लोक क्लास निवडतात, पण पोर्तुगीज कोणती हे विचारतच नाहीत. भाषा एक, तोंडं वेगळी. सकाळचा नमस्कार पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये 'बों दिया', ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'बों जिया'. टेलिफोनला ब्राझीलचा माणूस 'तेलेफोनी' म्हणतो, एकेक स्वर मोकळा सोडून. लिस्बनचा माणूस मधले स्वर गिळतो आणि 'तलफॉन' म्हणून मोकळा होतो. आपण ज्याला रिओ म्हणतो, तिथले लोक स्वतःच्या शहराला 'हिऊ' म्हणतात.

लिहिलेलं दोघांचं जवळजवळ सारखं. कान मात्र वेगळा तयार करावा लागतो. सहा महिने लिस्बनचा कान तयार केलात आणि फोनवर ब्राझीलच्या माटो ग्रोसोचा कापूसवाला आला, तर?

पहिला पाठ पुन्हा.

ब्राझीलची लोकसंख्या 20 कोटींच्या वर, पोर्तुगालची जेमतेम 1 कोटी. पण नुसती डोकी मोजून निर्णय घेऊ नका. मोझांबिकच्या शाळा-कचेऱ्यांत पोर्तुगालचं वळण चालतं. म्हणून सरळ हिशेब: तुरीसाठी लिस्बनचं वळण, कापूस-सोयाबीनसाठी ब्राझीलचं. आधी माल, मग मास्तर.

मग गोव्याला जावं का? पोर्तुगीजचं नाव घेताच सगळे तिकडेच बोट दाखवतात. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले, भाषा थोडी मागे राहिली. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषाकेंद्र आहे, फुंदासांव ओरिएंते ही संस्था आहे. शिकवणं पद्धतशीर, शिक्षक तयारीचे. वळण अर्थातच लिस्बनचं. तूरवाल्याला उत्तम, कापूसवाल्याला अर्धं.

शिवाय अंतर. धामणगाव किंवा वर्धा गाठून गाडी धरायची आणि पणजीत महिनाभर खोली घ्यायची, हे कोणाला परवडतं? ज्याला परवडतं, त्याला बहुधा पोर्तुगीजची गरज नसते. गरज असलेला माणूस दुकान आणि शेत सोडून हलू शकत नाही.

गोव्यात शिकणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांसमोर पोर्तुगालचं नागरिकत्व असतं. परदेशी माणसाला तिथे राहून ते मिळवायचं, तर ए-2 पातळीची भाषा दाखवावी लागते. त्यासाठी लिस्बन विद्यापीठाची परीक्षा आहे. त्यांचं ध्येय साफ आहे, पुस्तक आणि धडेही त्याला धरून ठरतात. आपलं ध्येय वेगळं असेल तर त्यांचं पुस्तक आपण का गिरवायचं?

आता ॲप. फुकट आहे, खिशात आहे, रोज आठवण करून देतं. सुरुवातीला शब्द साठवायला चांगलं. सर्वांत लोकप्रिय ॲप डुओलिंगो ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतं, हे निदान कापूसवाल्याच्या पथ्यावर. पण ॲप म्हणजे जोर-बैठका. कुस्ती समोर माणूस आल्यावर सुरू होते.

सलग वर्षभर हजेरी लावणारे कितीतरी. त्यांना म्हणा, गाठीचा भाव विचारा. तोंड उघडत नाही, कारण ॲपने तोंड उघडायला लावलेलंच नसतं.

म्हणून खर्च करायचाच तर तो माणसावर करा. आठवड्यातून दोनदा, इंटरनेटवर, समोरासमोर एक शिक्षक. पहिल्याच तासाला तीन गोष्टी तपासा. तो कुठल्या देशाची भाषा बोलतो? तासातला निम्मा वेळ तुम्ही बोलता की तोच बोलतो? आणि तुमच्या धंद्याची वाक्यं शिकवायला तो तयार आहे का?

तिसऱ्यावर 'आधी पुस्तक संपवू' असं उत्तर आलं, तर शिक्षक बदला.

विमानतळावर सामान हरवल्याचा संवाद यवतमाळच्या अडत्याला काय कामाचा? त्याला हवी ओलाव्याची टक्केवारी, धाग्याची लांबी, गाठींची संख्या, माल सुटायची तारीख, पैसे कधी. रोज अशी दोन-तीन वाक्यं स्वतः लिहायची, शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यायची, मोठ्याने पाठ करायची. वर्षभरात जे जमेल, ते कुठल्याच छापील पुस्तकात मिळणार नाही.

"पण आमचं इंग्रजी कच्चं." हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. कोणी सांगितलं की पोर्तुगीजची वाट इंग्रजीतूनच जाते?

मराठी माणसाकडे इथे भांडवल आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. आपण 'जाईन' म्हटलं की 'मी' म्हणायची गरज राहत नाही. क्रियापदच कर्ता सांगतं. पोर्तुगीजमध्ये तेच. आपल्याकडे दगड तो, भाकरी ती. निर्जीव वस्तूलाही लिंग. पोर्तुगीजमध्ये तेच, आणि लिंगं तीन नाहीत, दोनच. आपलं विशेषण नामाप्रमाणे बदलतं, त्यांचंही. 'बोललो' आणि 'बोलायचो' यांतला फरक आपल्या पोराला शिकवावा लागत नाही. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी दोन वेगळे भूतकाळ आहेत आणि इंग्रजीवाले तिथेच अडखळतात. आपल्यालाही घाम फुटतो, पण दुसरीकडे: आपल्या एका 'आहे'साठी त्यांची दोन क्रियापदं आहेत, एक स्वभावाचं आणि एक तात्पुरत्या स्थितीचं.

म्हणजे मराठी शाळेत शिकलेला माणूस मागे नाही. पुस्तकं मागे आहेत. मराठीतून पोर्तुगीज शिकवणारं एखादं सुटसुटीत पुस्तक यवतमाळच्या दुकानात मागून पाहा. दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

"आता वय झालं." हे दुसरं वाक्य. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात उतरला, तेव्हा तिशीला आला होता. मराठीचा गंध नव्हता. 1616 मध्ये त्याचं मराठीतलं 'क्रिस्तपुराण' छापून आलं, सुमारे 11 हजार ओव्यांचं. कोकणीचं व्याकरण त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये राशोलला छापलं गेलं. एका परक्या भाषेचं व्याकरण दुसऱ्या परक्या भाषेत.

त्याच्याजवळ ॲप नव्हतं. भोवती बोलणारी माणसं होती आणि करायला काम होतं. प्रौढ माणसाला भाषा याच दोन गोष्टींनी येते. यातली एकही नसेल, तर वयाला दोष देऊन उपयोग नाही.

बोलणारी माणसं यवतमाळात कुठून आणायची? कानाने. आपल्याकडे 'आमची माती आमची माणसं' होतं, ब्राझीलमध्ये 1980 पासून 'ग्लोबो रुराल' आहे: शेतकऱ्यांसाठीचा टीव्ही कार्यक्रम. ब्राझीलच्या शेतीचे असे शेकडो व्हिडिओ इंटरनेटवर फुकट पडले आहेत. तीन मिनिटांचा एक तुकडा घ्या, तोच आठवडाभर ऐका. पहिल्या दिवशी गोंगाट असतो. आठवड्याच्या शेवटी त्यातली फवारणी, पाऊस, भाव वेगळे ऐकू येतात. रोज नवा व्हिडिओ बघणाऱ्याला करमणूक मिळते, भाषा मिळत नाही.

आणि फोनवरचं भाषांतर? एखादं पत्रक वाचायचं असेल, तर बेलाशक वापरा. तेवढ्यासाठी दोन वर्षं घालवू नका, हे प्रामाणिकपणे सांगितलंच पाहिजे. पण भाव ठरवताना समोरचा क्षणभर थांबला, कचरला, आवाज बदलला. हे कुठला फोन सांगतो? सौदा त्या क्षणभरातच होतो.

वाचायला मात्र तिथे डोंगर आहे. एम्ब्रापा ही ब्राझीलची सरकारी कृषी संशोधन संस्था 1973 पासून काम करते आहे. सोयाबीनचं केंद्र लोंड्रिनाला, कापसाचं कांपिना ग्रांदीला. पुस्तिका फुकट, पोर्तुगीजमध्ये. तिथला बहुतेक कापूस आपल्यासारखाच कोरडवाहू, तरी हेक्टरी रुई भारताच्या जवळपास चौपट. पाऊस आपल्यापेक्षा भरवशाचा, शेतं हजारो एकरांची, हे मान्य. पण कापणीनंतर ठरावीक काळ शेतात कपाशीचं एकही जिवंत झाड ठेवायचं नाही, असा तिथे सरकारी नियम आहे. बोंड पोखरणाऱ्या भुंग्याची साखळी तोडायला. मोडला तर दंड.

आपल्याकडे बोंडअळी दरवर्षी येते आणि फरदड ठेवू नका हा सल्ला दरवर्षी छापून येतो. ब्राझीलने तो नियम पाळायला कसा लावला, कोणी विरोध केला, कोणी खर्च सोसला, हे सगळं लिहिलेलं आहे. वाचणारा हवा.

तो वाचणारा एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने का घडवायचा? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं हे काम नाही? अमरावती विद्यापीठ यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयात मराठीतून पोर्तुगीजचा संध्याकाळचा वर्ग काढू शकत नाही? राज्य मराठी विकास संस्थेने एक मराठी-पोर्तुगीज प्राथमिक पुस्तक काढायला किती खर्च येईल? एखाद्या सत्कार समारंभाएवढा.

तोवर आपला मार्ग साधा आहे. देश ठरवा. त्या देशाचा शिक्षक धरा, आठवड्यातून दोनदा. रोज तासभर, त्यातला निम्मा कानासाठी. वाक्यं आपल्या धंद्याची. ॲप चहाच्या वेळेला. परीक्षा हवी असेल तरच.

आणि बाजार समितीत यंदा कोणी विचारलं, "कायले शिकता?" तर वाद घालू नका. तुरीचा भाव का पडला, हे त्याला व्यापाऱ्याच्या आधी सांगा.