लाँचला हुडहुडी भरते तेव्हा

करंजा ते रेवस हे अंतर धरमतरच्या खाडीवरून पाहिलं तर हाकेचं आहे. उरणच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडचा अलिबाग तालुका दिसतो. गाडीने जायचं म्हटलं तर मात्र पेण, वडखळ असा अख्ख्या खाडीला वळसा. इथे पूल होणार, हे मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ठरलेलं आहे, आणि ठरलेल्या गोष्टींना आपल्याकडे घाई नसते. तोवर लाँच. तिच्यात माणसं, मासळीच्या पाट्या, मोटारसायकली आणि आमच्यासारखे हौशी असा सगळा माल भरतात. मोटारसायकलला वेगळं तिकीट पडतं, हौसेला पडत नाही.

मध्यावर लाँचला हुडहुडी भरली. आधी बाकाची फळी थरथरली, मग माझा चष्मा नाकावरून खाली सरकू लागला. तांडेलाच्या हातातलं सुकाणूचं चक्र तर असं कापत होतं की त्याच्या मनगटातलं कडंसुद्धा वाजायला लागलं.

आपल्याकडे आजारी माणसापेक्षा औषध सांगणारे जास्त. "इंजिनचं माउंटिंग गेलंय, माझ्या बुलेटचं सेम झालं होतं," एक दाढीवाला म्हणाला. "व्हील अलाइनमेंट," एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. लाँचला चाकं नसतात, असं त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच." तिसऱ्याला डिझेलमध्ये पाणी शिरल्याचा वास आला. एका काकूंनी अमावास्येला निघालोच कशाला, असा मूलभूत मुद्दा काढला. पाटीवर हात ठेवून बसलेली मावशी तेवढी म्हणाली, "आधी खाली बसा सगली!"

तांडेल यातलं काहीच ऐकत नव्हता. त्याने घंटी वाजवून खालच्या ड्रायव्हरला गिअर सोडायला लावला आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. थरथर बंद. म्हणजे इंजिन आणि त्याचं माउंटिंग दोन्ही निर्दोष सुटली. दाढीवाल्याचा चेहरा पडला. मग हळू पुढे. थरथर हजर. वेग वाढवला, तीही वाढली. म्हणजे दुखणं गिअरच्या मागे, शाफ्टला नाहीतर पंख्याला. मग त्याने लाँच उलटी चालवली. मागच्या पाण्यात निळ्या नायलॉन जाळ्याचा एक लोळ वर आला आणि त्याच्यासोबत वेफर्सचं पाकीट.

"झालं!" निवृत्त गृहस्थांनी जाहीर केलं.

झालं नव्हतं. पुढे निघाल्यावर बाक शांत झाला, चक्राचं कापणं मात्र थोडं उरलंच. "सुकाणूच खराब," दाढीवाल्याने नवी आघाडी उघडली. तांडेल म्हणाला, "साहेब, गिअर सोडला तवा चक्र कापत होतं काय?" नव्हतं. सुकाणू पंख्याच्या मागेच असतं. पंख्याने ढकललेलं पाणी थेट त्याच्यावर आपटतं, आणि पंखा डगमगला की ते आपटणं तांडेलाच्या मनगटापर्यंत पोचतं. चोर एकीकडे, बोंब दुसरीकडे.

रेवसला उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती. लाँच कडेला घेतली, परतीची माणसं दुसऱ्या लाँचकडे वळली. आम्ही बंदरावर जेवून आलो तोवर तिचं बूड चिखलात टेकलं होतं. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या पुढे जातो. एवढा चढउतार फुकट मिळत असताना लाँच उचलायला क्रेन कोण आणणार? तांडेल गुडघाभर चिखलात उतरला. आधी सुकाणू धरून हलवलं. घट्ट. पंख्याची पाती एकेक करून बोटांनी चाचपली. सरळ. मग पंख्याला खांदा लावून शाफ्ट वर उचलला, तर तो चांगला बोटभर हलला. शाफ्टला धरणारा आतला बुश झिजलेला. तोंडाशी नायलॉनचं एक काळं, टणक कडं चिकटलं होतं. शाफ्टभोवती गुंडाळलेली दोरी घासून तापते, वितळते आणि बुशमध्ये शिरणारं पाणी अडवते. या बुशला वंगण असतं ते पाण्याचंच. ते अडलं की तो कोरडा घासत जातो.

म्हणजे आजचं जाळं निमित्त होतं. बुश आधीच्या कुठल्यातरी जाळ्याने खाल्ला होता.

"मी म्हणालो होतो ना, अलाइनमेंट," निवृत्त गृहस्थ म्हणाले. दाढीवाल्याच्या मते माउंटिंग आणि बुश एकाच घरातले. काकूंची अमावास्या तर बिनतोड होती. उधाण त्याच सुमारास येतं आणि त्यामुळेच लाँच इतकी उघडी पडली. एकूण सगळेच बरोबर निघाले आणि तांडेल पाय धुवायला गेला.

पूल होईल तेव्हा होईल. तोवर लाँचनेच जायचं आहे. तेव्हा वाचकहो, वेफर्सचं रिकामं पाकीट खिशात ठेवा, आणि मध्यावर बाक थरथरला तर तांडेलाला काहीही सांगू नका.