आधी ‘नको’ भरा

बोलता न येणाऱ्या मुलाच्या हाती टॅब येतो. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द उच्चारतो. घरचे हौसेने चित्रं भरतात: पाणी, जेवण, शू. संपलं! आठ वर्षांच्या पोराला एवढंच बोलायचं असतं? त्याला ‘नको’ म्हणायचं असतं. ‘भाजी घाण झालीय’, ‘दादाने चिमटा काढला’, ‘तू माझ्यावर उगाच ओरडलीस’ हे सांगायचं असतं. ती बटणं कोण भरणार?

साधनं नाहीत, ही सबब आता पुरे. चेन्नईत ‘आवाझ’ हे ॲप तयार झालं, पवईच्या आयआयटीत ‘जेलो’. दोन्ही चित्रांवरच चालतात. बोटही हलत नसेल, तर नजरेने अक्षर निवडता येईल असे संगणक आहेत. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत गेला. आधी ते हाताने बटण दाबत, पुढे गालाचा स्नायू हलवून शब्द निवडत. नंतर नंतर तर मिनिटाला जेमतेम एक शब्द व्हायचा. लोक थांबत, कारण समोर हॉकिंग होते. शेजारच्या मुलासाठी मात्र आपल्याला दोन मिनिटं काढता येत नाहीत. त्याचं वाक्य अर्ध्यावर असताना आपणच ते पुरं करतो, नाहीतर आईकडे वळून विचारतो, “काय हवंय त्याला?” अहो, तो समोर बसलाय. त्यालाच विचारा!

‘टॅबची सवय लागली की पोर कधीच बोलणार नाही’ असं छातीठोक सांगणारे तर घरोघरी भेटतात. त्यांचा मला मनापासून राग येतो. या विषयावरच्या अभ्यासांचा २००६ साली आढावा घेतला गेला. त्यात ज्यांच्याबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम होता, त्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलंच होतं. सल्ला देणारे विसरून जातात, मुलाची बोलायला शिकायची वर्षं मात्र निघून जातात.

सेरेब्रल पाल्सीमुळे नीट बोलता न येणाऱ्या मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. तहान-भुकेच्या चार बटणांवर आत्मचरित्र लिहून होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत अशी पूरक आणि पर्यायी साधनं धरली आहेत. तेव्हा ‘महागाची वस्तू, फुटेल’ म्हणून शाळेने टॅब कपाटात ठेवणं किंवा मस्ती केल्याची शिक्षा म्हणून काढून घेणं, हे त्या मुलाचं तोंड दाबणं आहे. बडबड करणाऱ्या मुलाची जीभ कोणी कपाटात ठेवत नाही.

आज संध्याकाळी टॅब उघडा. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘मला राग आलाय’ ही बटणं भरा. मित्रांची टोपणनावं घाला, त्याच्या वयाची पोरं देतात त्या दोन-चार शिव्याही घाला. आणि ‘आई, तुझं चुकलं’ हे बटण पहिल्याच पानावर ठेवा.