आटे नसलेली रायफल

पुण्यात कुणी शिकारीचा विषय काढला की मी खुर्चीत जरा मागे रेलतो आणि सहज म्हणतो, "गावच्या घरी आजोबांची रायफल आहे." बंदूक म्हटलं की बँकेचा राखणदार डोळ्यांपुढे येतो; रायफल म्हटलं की समोरचा चहा ओतायचा थांबतो. तिनं आजोबांनी सांबर पाडलं होतं, हेही ओघात येतं. आजोबा स्वतः भेकर म्हणायचे. भेकर भरतं वीस-पंचवीस किलो, सांबराचा नर दोनशेच्या वर. घाट चढताना थोडं वजन वाढलं, इतकंच.

मागच्या निवडणुकीत कोकणात होतो. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा. परवाना शेतीसंरक्षणाचा, चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या नावावर. दादानं बंदूक जुन्या गोधडीत गुंडाळली. मी रुबाबापुरता बरोबर. हवालदारानं विचारलं, "काय आणलंय?" दादा तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "अँटिक रायफल." त्यानं गोधडी सोडली, नळीत करंगळी फिरवली. "आटे कुठायत? ठासणीची बंदूक आहे ही." वहीत तसंच लिहिलं.

आता आट्यांबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण त्या संध्याकाळी मी दुसरं काही केलंच नाही. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात, त्यांनी गोळी गरगरत सरळ जाते. खाचा असतील तरच रायफल. पण 1857 साली जिच्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एनफिल्डही तोंडातूनच ठासायची आणि तिला चक्क तीन आटे! म्हणजे ठासणीची असूनही रायफल असू शकते. आमची नाही. आमचीत दारू ओता, काथ्याचा बोळा गजानं ठासा, छर्रे टाका, पुन्हा बोळा, मग केप बसवा; तोवर ससा घरी जाऊन जेवून येतो. हवा दमट असली की दारू सादळते आणि घोडा नुसता 'टक्' करतो. आजोबांचं अर्धं शिकारी आयुष्य त्या 'टक्'मध्ये गेलं. उरलेलं 1972 च्या कायद्यानं थांबवलं.

हे सगळं मी दादाला रात्री अकराला, शेताच्या माळ्यावर सांगत होतो. तो ऐकत नव्हता. भात कापणीला आलेलं, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते. एका रात्रीत दोन गुंठे लोळवून जातात. मग अर्ज, मग पंचनामा, मग पैसे येतील तेव्हा. बंदुकीत तो छर्रे भरतच नाही, हे मला त्या रात्री कळलं. नुसता दारूचा बार काढायचा, आवाजापुरता. आता तोही ठाण्यात जमा, म्हणून मांडीवर तेलाचा रिकामा डबा आणि हातात कोयतीची मूठ. वीस वर्षं मी त्या बंदुकीवर चहा पितोय; जागरणं याची.

एवढ्यात रानाच्या कडेला कुत्रं भुंकलं, अगदी जवळ. मी उठून दरडावलं, "हाड! हाड!"

दादानं डबा वाजवायचा थांबवला.

"बोंबलू नको," तो म्हणाला. "तुझं सांबर आहे ते."