भोपाळच्या मुलांसाठी ओसायरिस

भोपाळच्या मराठी घरातल्या मुलाला प्राचीन इजिप्तचे देव शिकवायचे, तर होरसपासून सुरुवात करावी. धड माणसाचे, डोके ससाण्याचे. दरवर्षी गणपती बसणाऱ्या घरात याचे कोणाला नवल वाटत नाही. मूल एवढेच विचारते, की याचे वाहन कोणते? सूर्यदेव रा याच्याकडे मात्र होडी आहे. दिवसा ती आकाशातून जाते, रात्री पाताळातल्या बारा दरवाजांतून. आणि अपेप नावाचा अजस्र साप ती गिळायला रोज टपलेला असतो. मोठ्या तलावात बोटीतून फिरलेले मूल लाइफ जॅकेटची चौकशी करते.

सृष्टीच्या उत्पत्तीसाठी आधी श्यामला हिल्सवरचे जनजातीय संग्रहालय दाखवावे. ते २०१३ मध्ये उघडले. गोंडांच्या कथेत बडा देव पृथ्वी घडवायला मातीच्या शोधात कावळ्याला पाठवतो, आणि खेकडा व गांडूळ यांच्या मदतीने ती पाण्याखालून मिळते. इजिप्तमध्ये नून नावाच्या आदिजलातून मातीचा पहिला उंचवटा वर येतो. दोन्हीकडे चिखल असल्यामुळे मुलांचे लक्ष टिकते.

पुढे वंशावळ. गेब म्हणजे पृथ्वी, हा पुरुष. नूत म्हणजे आकाश, ही स्त्री. वर्षाच्या ३६० दिवसांपैकी एकाही दिवशी नूतला मूल होऊ नये असा शाप होता, म्हणून थॉथ या देवाने चंद्राशी पट मांडून पाच जादा दिवस जिंकले, असे ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. जादा दिवस म्हटल्यावर आजीला अधिक महिना आठवतो, गाडी जावयाच्या तेहतीस अनारशांवर जाते आणि नाईलकाठी परत यायला बराच वेळ लागतो.

त्या पाच दिवसांत जन्मलेल्या ओसायरिसला भाऊ सेतने मारून चौदा तुकडे केले. पत्नी इसिसने तेरा शोधले. चौदावा माशाने खाल्ला होता. तो कोणता, हा प्रश्न येतोच. त्यावर ‘पुढच्या वर्षी’ हे रूढ उत्तर आहे.

मुलांचा सर्वांत आवडता भाग ममीचा. उत्तम प्रतीच्या ममीला सत्तर दिवस लागत. नेट्रॉन नावाच्या खारात शरीर सुकवत. यकृत, फुप्फुसे, जठर, आतडी चार वेगळ्या बरण्यांत. हृदय मात्र जागच्या जागी, कारण बुद्धी तिथे राहते अशी समजूत. मेंदू नाकातून आकड्याने ओढून काढत आणि टाकून देत. ‘डोकं चालव’ हे रोज ऐकणाऱ्या मुलांचे समाधान या वाक्याने जितके होते तितके कशानेच होत नाही. भोपाळात ममी नाही. सयाजीरावांच्या बडोद्याच्या संग्रहालयात आहे, आणि जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तुतू नावाची ममी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे पावसाचे पाणी शिरले, तेव्हा तिला काचपेटीतून बाहेर काढावे लागले. अनंतकाळाची तयारी करणाऱ्यांनी राजस्थानातला पूर गृहीत धरला नव्हता.

यानंतर निवाडा. अनुबिस हा देव तराजूत हृदय ठेवतो, दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी मात हिचे पीस. थॉथ नोंद करतो. चित्रगुप्त माहीत असलेल्यांना हे खाते ओळखीचे वाटते. बेचाळीस देवांपुढे मृत व्यक्ती आपण काय केले नाही याची यादी म्हणते. मुलांच्या तोंडचे दूध पळवले नाही, हे त्यातलेच एक. हृदय जड निघाले तर मगरीचे तोंड, सिंहाचे पुढचे अंग आणि पाणघोड्याचे मागचे अंग असलेली अम्मित ते खाऊन टाकते. हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून मंत्र कोरलेला दगडी भुंगा छातीवर ठेवण्याची सोयही होती. पालक हा भाग गाळतात. मुले तो नेमका लक्षात ठेवतात.

निवाड्यातून पार पडलेल्यांना परलोकात शेती करावी लागे. त्यासाठी उशाब्ती नावाच्या लहान मूर्ती सोबत पुरत. कामाचा पुकारा झाला की मालकाऐवजी त्यांनी ‘हजर’ म्हणायचे. गृहपाठाला ही सोय लागू होते का, हे विचारून झाल्यावर हिशेब सांगावा. तुतनखामनच्या थडग्यात ४१३ उशाब्ती सापडल्या: रोजचा एक याप्रमाणे ३६५ मजूर, त्यांच्यावर ३६ मुकादम आणि मुकादमांवर महिन्याला एक असे १२ वरिष्ठ. वल्लभ भवन हे मंत्रालय असलेल्या शहरात हे प्रमाण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वरिष्ठ फक्त बाराच कसे, एवढी शंका निघते.