हास्यनिर्मूलनाचा राजमार्ग

जुन्या विनोदी चित्रपटाचे हक्क रीतसर विकत घेऊन, स्टॅम्पपेपरावर उभयपक्षी सह्याशिक्के होऊन, बयाण्याची रक्कम चुकती झाली म्हणजे त्या चित्रपटातील हशाही आपल्या कबजात आला, अशी ज्या निर्मात्याची प्रामाणिक समजूत असते, त्याच्याच उपयोगासाठी हे टिपण आहे. गाजलेला विनोदी चित्रपट नव्याने काढून त्यात कोणालाही हसू फुटणार नाही अशी पक्की तजवीज करणे हे वाटते तितके सुलभ नाही. चांगल्या कथानकाच्या अंगी एक चिवटपणा असतो, आणि दिग्दर्शक क्षणभर बेसावध राहिला की ते ऐनवेळी दगा देऊन हशा पिकवते.

असा दगा झाल्याचा ढळढळीत दाखला मराठीतच आहे. ‘जय मा काली बोर्डिंग’ या १९५५ च्या बंगाली चित्रपटावरून हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ काढला, आणि त्याच कथानकावर १९८८ साली सचिन पिळगावकर यांनी ‘अशी ही बनवाबनवी’. दोनदा उकळलेल्या चहापत्तीत वास्तविक तिसऱ्या खेपेस राम उरू नये. परंतु वसंत सबनीसांच्या लेखणीने ती गोष्ट पुण्याच्या बिऱ्हाडटंचाईत अशी रुजवली, की ती मूळची तिथलीच वाटावी. विश्वासराव सरपोतदारांनी घराबाहेर काढलेले ब्रह्मचारी, जोडप्यांखेरीज कोणास जागा न देणाऱ्या लीलाबाई काळभोर, आणि सबब दोघांनी साडी नेसण्यावाचून गत्यंतर नाही, इतकाच काय तो मामला! पण डोक्यावरचे छप्पर जाण्याची धास्ती खरी असल्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती पदर सावरू लागली, की प्रेक्षक हसतोही आणि आता हिचे बिंग फुटते की काय म्हणून जीव मुठीतही धरतो. ही चूक होतकरू निर्मात्याने कटाक्षाने टाळावी.

ती कशी टाळावी, याचा वस्तुपाठ २००९ च्या ‘पेइंग गेस्ट्स’ या हिंदी चित्रपटाने घालून दिलेला आहे. त्यात याच धर्तीची गोष्ट थायलंडला नेण्यात आली. जेथे पाहुण्याला खोली देणे हाच गावाचा मुख्य धंदा, तेथे खोलीसाठी पुरुषांनी स्त्रीवेष धारण करावा, यात अडचण अशी काही राहतच नाही, आणि अडचण निघून गेली की हसण्याचे प्रयोजनही आपोआप निकालात निघते. तात्पर्य, स्थळ निवडताना निसर्गशोभा पाहावी. पात्रांची निकड पाहू नये.

दुसरी बाब आवाजाची. सई परांजपे यांचा १९८१ चा ‘चश्मे बद्दूर’ या दृष्टीने अत्यंत धोकादायक चित्रपट आहे, कारण त्यात फारसे काही घडतच नाही. दिल्लीतील एका खोलीत तीन विद्यार्थी राहतात. सिगारेट एक आणि ओढणारे तिघे. लल्लन मियाँच्या पानाच्या गादीवरील उधारी फिटता फिटत नाही. चमको पावडर खपवण्यासाठी दारात आलेली दीप्ती नवल पाठ केलेले भाषण म्हणून दाखवते आणि मळका कपडा मागून घेऊन त्यावर प्रात्यक्षिक करू लागते, तेव्हा फारूक शेख यांचा सिद्धार्थ इतक्या सौजन्याने, इतक्या अवघडून उभा असतो, की परीक्षा तिची चालली आहे की त्याची, हे उमगू नये. येथे कोणी घसरून पडत नाही, कोणी किंचाळत नाही. आणि तरीही हसू येते. (सईबाईंचा हा गुण मला कित्येक गाजलेल्या प्रहसनांहून मोलाचा वाटतो, पण गुणग्रहण हा या टिपणाचा विषय नव्हे.)

अशा प्रसंगाचा बंदोबस्त २०१३ साली डेव्हिड धवन यांनी हाच चित्रपट नव्याने काढून केला. दिल्लीचा गोवा झाला; एका मित्राच्या तोंडी यमके जुळवणारी शायरी घालण्यात आली; अनुपम खेर यांना एकाच्या जागी दोन भूमिका मिळाल्या; मूळ कथेत नसलेले एक प्रौढ प्रेमप्रकरण ऋषी कपूर आणि लिलेट दुबे यांच्याकडे सोपवण्यात आले. संवादाचा शेवटचा शब्द प्रेक्षकाच्या कानी पडतो न पडतो तोच पुढला विनोद हजर! यातील मर्म शिकाऊ निर्मात्याने नीट ध्यानी घ्यावे: हसण्यासाठी माणसाला श्वास घ्यावा लागतो, तेवढीही उसंत त्याला मिळू देऊ नये. चित्रपटाने गल्ला बरा जमवला, हे खरे. परंतु गल्ला आणि हशा यांचे हिशेब निरनिराळ्या वह्यांत लिहिले जातात, म्हणून त्या बातमीने शिकाऊ निर्मात्याने खचून जाऊ नये.

एवढ्या उत्तम तयारीत एक कसूर मात्र राहून गेली. ५ एप्रिल २०१३ रोजी नवा चित्रपट झळकला, आणि त्याच दिवशी सईबाईंचा जुना ‘चश्मे बद्दूर’ही डागडुजी होऊन चित्रपटगृहांत पुन्हा लागला, त्यामुळे ज्यास ताडून पाहायचे त्याला जिने उतरून दुसऱ्या पडद्यापर्यंत जाण्याचेच काय ते कष्ट. असली आपत्ती ओढवू नये म्हणून हक्कांच्या करारनाम्यातच एक कलम घालून घ्यावे, की मूळ चित्रपट ठरावीक मुदतीपर्यंत कोठेही, कोणासही दाखवला जाऊ नये. आणि मुदत किती असावी याविषयी वकिलाने घोळ घातला, तर सरळ ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे लिहून मोकळे व्हावे.