घरपोच नाना

चैत्राचं ऊन, सकाळचे अकरा. अंबड चौफुलीला रसवंतीच्या फाटक्या हिरव्या कापडाखाली नाना उभे होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात मिटलेली छत्री, काखेत घडी घातलेली कापडी पिशवी. मी गाडी थांबवली.

"नाना, एवढ्या उन्हात कुठं निघालात?"

"कुठंच नाही. किराणा घरपोच मागवलाय."

हे उत्तर ऐकून जो चक्रावतो तो आमच्या गल्लीत नवीन राहायला आला असं खुशाल समजावं. आम्हाला सवय आहे. नानांकडे किराणा घरपोच यायचा असला की नाना घरात नसतात. काकूंनी एका वाक्यात निकाल लावलाय : "माल घरपोच, माणूस बाहेरपोच."

नानांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि आपल्या जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूर अशी वाट काढत पुढं परभणीकडं जातो. पाणी सुटलं की सायकलवर आणि पुढं मोटारसायकलवर कालव्याच्या कडेकडेनं हिंडायचं, कोणत्या चारीला किती गेलं, कुठं फुटलं, कुणी रात्री पाईप टाकला हे पाहायचं, हे त्यांचं काम. त्यातून त्यांनी आयुष्याचं एक तत्त्व काढलं. सुटलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेडला सोडलेलं टेलला किती पोचतं, हे टेलला बसून कळत नाही. उठून वर चालत जावं लागतं. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण नुसतं म्हणतो. नानांनी ते कुठं मुरतं ते गमबूट घालून पाहिलेलं आहे.

आता असा माणूस ओट्यावर बसून, दुकानातून निघालेली दाळ आपोआप घरी येईल म्हणून वाट पाहत बसेल का?

तसं घरपोच हे प्रकरण जालन्याला नवं नाही. जालना सोने का पालना म्हणायचे ते इथल्या व्यापाराच्या जोरावरच. मोंढ्यातल्या शेठजींकडं महिन्याची यादी जायची. वर 'श्री', पहिल्या ओळीत हळद, मग खाली तूरदाळ, करडीचं तेल, गूळ, शेंगदाणे, मुरमुरे. संध्याकाळपर्यंत हमाल हातगाडीवर सगळं घेऊन दारात हजर. पैसे पगार झाल्यावर, लाल वहीत. नाना तेव्हाही यादी देऊन घरी येत नसत. मोंढ्यातच थांबत, गाडी भरली की तिच्या मागं मागं पायी चालत येत. कारण विचारलं तर म्हणत, "कट्ट्याला भोक असलं म्हणजे? वाटेनं दाळ सांडत आली तर पाहायला कुणी नको का?" हमाल पुढं, नाना मागं, असा तो फेरा महिन्यातून एकदा गल्लीत शिरायचा तेव्हा लेकरं वरात आली म्हणून पळत यायची.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये नानांचा फार कोंडमारा झाला. यादीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, दुकानातला पोरगा पिशवी फाटकाला अडकवून लांबूनच हाक मारणार. मागं मागं चालायला मनाई. ते काही महिने नाना गच्चीवर उभं राहून रस्ता न्याहाळत. मग पुण्याला असलेल्या मुलानं त्यांच्या मोबाईलवर किराण्याचं अॅप टाकून दिलं. "बाबा, आता या वयात पिशव्या उचलायच्या नाहीत. इथं बोट लावलं की माल घरी." आणि जाता जाता त्यानं एक चूक केली. नकाशावर सरकणारी ती छोटी गाडी बापाला दाखवली.

बस. नानांना कालवा परत मिळाला.

ऑर्डर दिली की नाना चष्मा पुसून बसतात. गाडी दुकानाजवळच थांबलेली असली की "गेट उघडलं नाही अजून" म्हणतात. हलली की "सुटलं!" चौकात थांबली की कपाळाला आठी. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, की एक किलो मिठाची पुडी कुठवर आली हे दर सेकंदाला कळतं, तर नळ कधी येणार हे का कळत नाही? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. जालन्यात कुणाकडंच नसावं.

पुढचा टप्पा फोनचा. तो मी कानांनी ऐकलेला आहे.

"हॅलो काका, ऑर्डर होती तुमची. घर कुठं आलं?"

"तुम्ही कुठंशी आहात?"

"मी मॅपवर आलो ना काका."

"मॅपवर नका येऊ भाऊ, रस्त्यावर या. समोर काय दिसू लागलंय?"

"एक टपरी आहे."

"टपरी नाही असं जालन्यात कुठं आहे? बरं, शनिमंदिर माहितीय?"

"हो."

"त्याच्याकडं पाठ करा."

"केली. आता?"

"आता उड्डाणपूल. पण वरून नका येऊ... म्हणजे वरून आलात तरी चालतं, पण मग... थांबा. तिथंच थांबा. मीच येतो."

'मीच येतो' इथं प्रत्येक फोन संपतो. मग छत्री, पिशवी, चप्पल. आधी गल्लीच्या तोंडाशी, तिथं नाही दिसला तर चौफुलीला, मग नूतन वसाहत. एकदा तर पोरगा चुकून कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात गेला आणि नाना त्याला गाठायला पार तिथपर्यंत पोचले होते. तिथून मालाची पिशवी काखेत मारून स्वतः रिक्षानं घरी आले. रिक्षाचे पैसे आणि घरपोच आणायचा आकार, दोन्ही त्यांनीच भरले. वर त्या पोराला पाच तारेही दिले. "चुकला, पण खोटं नाही बोलला."

पत्त्याच्या बाबतीत मात्र मी नानांच्या बाजूनं आहे. आमचा पत्ता म्हणजे मारुतीच्या देवळामागं, लिंबापासून तिसरं घर. लिंब नालीच्या कामात गेला त्याला तीन वर्षं झाली, पत्ता तोच आहे. जुन्या माणसाला लिंब अजून दिसतो, नव्याला सांगावं लागतं की जिथं लिंब नाही तिथून तिसरं. पिनकोड काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मराठी माणूस, संस्कृतचा पंडित. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. सहा आकड्यांत त्यांनी सगळा देश बसवला. ४३१२०३ लिहिलं की पत्र कन्याकुमारीहून निघालं तरी जालन्याला येतं. पण त्याच्या पुढचं, म्हणजे जालन्यातून लिंबापर्यंतचं, हे त्यांनी पोस्टमनच्या डोक्यावर सोडलं होतं, आणि पोस्टमनचं डोकं काही अॅपमध्ये घालता येत नाही.

माल घरात आला म्हणजे पोचला असंही नाही. माप राहतं. ओट्यावर सतरंजी, तिच्यावर बॅटरीचा काटा, बाजूला वही. एकेक पुडा काट्यावर चढतो, रिकाम्या पिशवीचं वजन वजा होतं, आकडा वहीत जातो. कमी भरलं तर नाना शांत असतात. गळती गृहीतच धरलेली असते. एकदा तूरदाळ पिशवी वजा जाता एक किलो दोन ग्रॅम भरली आणि नाना अस्वस्थ झाले. चार वेळा मोजली. मग मला हाक मारली.

"जास्त कामून आली असंल?"

"आली तर आली नाना. फायदाच झाला."

"असं कसं? आपल्या चारीला जास्त आलं म्हणजे खाली कुणाला तरी कमी गेलं."

मी त्यांना सांगितलं की दाळीला चारी नसते. त्यांना ते पटलं नाही.

हिशोबाच्या वहीत करांचाही एक रकाना आहे. १८ जुलै २०२२ पासून, २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या दाळ-तांदळाच्या पाकिटावर पाच टक्के जीएसटी बसला. बाकीच्यांनी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. नानांनी बोट पंचवीसवर ठेवलं आणि अॅपवर तीस किलोच्या तांदळाचा कट्टा मागवला. घरात माणसं दोन. काकूंनी भात केला, खिचडी केली, तांदळाची धिरडी केली, पापड केले, सत्यनारायण केला. पोळ्यापर्यंत कट्ट्याला जाळी लागली. उरलेला तांदूळ पाखरांना घातला, तेव्हा नाना म्हणाले, "कर मात्र नाही भरला."

मोसंबीचं प्रकरण मी सांगणार नव्हतो, पण राहवत नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथं सीझनला बांधाबांधावर मोसंबी पडलेली असते. आणि नानांनी ती अॅपवर मागवली, चार नग, प्रत्येकाला वेगळा स्टिकर. का, तर पाहायचं होतं, आपलं पाणी आपल्याकडं परत येतं का. स्टिकर वाचून पाहिले. इंग्रजीत कंपनीचं नाव होतं, गावाचं नव्हतं. नानांनी सोलून एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बदनापूरकडची आहे." खरं-खोटं देव जाणे.

माल आणणाऱ्या पोरांवर नानांचा जीव. पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि पोरं पुढची ऑर्डर म्हणून उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावतात. नाना तेवढ्यात गाव विचारून घेतात. एकदा असाच एक पोरगा होता, विशीतला, तोंडाला रुमाल.

"गाव कोणतं बाबा?"

"परतूरकडं."

नाना पुढं सरकले. "परतूरकडं कुठं? कालव्याखाली का? चारी कितवी?"

पोरानं चारी सांगितली. नानांनी लगेच डोळ्यांपुढं ती चालून पाहिली, टेलच्या शेतापर्यंत.

"शेवटच्या टोकाला आहे तुमचं. येत होतं का पाणी?"

"आमच्यापर्यंत कुठलं येतंय काका." तांब्या खाली ठेवून त्यानं गाडीला किक मारली. "म्हणून तर हे करू लागलोय."

त्या दिवशी माप झालं नाही. पिशव्या तशाच ओट्यावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मोजलं, साखर चार ग्रॅम कमी भरली, ती त्यांनी मुंग्यांच्या खात्यावर टाकली.

गेल्या दिवाळीत नाना-काकू मुलाकडं पुण्याला गेले. तिथं म्हणे दहा मिनिटांत माल. नानांनी पहिल्याच सकाळी कोथिंबीर मागवली आणि चप्पल शोधायला लागले. एक चप्पल सापडली तोवर बेल वाजली. दुपारी आधी चप्पल घालून बसले आणि मग बोट लावलं. लिफ्ट सातव्या मजल्यावर यायला वेळ लागला. तिचं दार उघडलं तर आतून पोरगाच बाहेर. तिसऱ्या वेळी जिन्यानं गेले. खाली पोचले तोवर माल लिफ्टनं वर गेलेला. तीन दिवसांत पाच ऑर्डरी, आणि एकदाही मालाला सामोरं जाणं जमलं नाही. नाना जेवेनात. सूनबाईंना वाटलं, पुण्याचं पाणी मानवलं नाही. काकूंनी सांगितलं, तसं नाही, त्यांना पाण्याच्या पुढं चालायची सवय आहे.

चौथ्या दिवशी नाना न सांगता बाहेर पडले. गेटवरच्या वॉचमनला एकच विचारलं, "याचं हेड कुठंय?" त्यानं रस्ता दाखवला. पुढची हकीकत त्यांच्या मुलानं सांगितली. शोधत शोधत तो तिथं पोचला होता आणि लांबून पाहत उभा राहिला होता.

एक अर्धं ओढलेलं शटर. बाहेर गाड्यांची रांग, पोरं मोबाईलकडं डोळे लावून बसलेली. आत उंच मांडण्या, ट्यूबलाईट, माणसं पळत पळत टोपल्या भरतात. पाटी नाही, गल्ला नाही, "या, बसा" म्हणायला शेठ नाही. नाना वाकून आत शिरणार तोच एकानं अडवलं.

"काका, आत येता येत नाही. गिऱ्हाईक चालत नाही इथं."

"दुकान आहे ना?"

"दुकान आहे, पण इथून विकत नाही. अॅपवर मागवा, घरपोच येईल."

नाना दोन पावलं मागं सरले. शटरच्या बाहेर, पायरीवर उभे राहिले. खिशातून मोबाईल काढला, चष्मा पुसला, पत्त्याच्या जागी 'मी आहे तिथं' असं निवडलं आणि शेंगदाणे मागवले, पाव किलो. मोबाईलनं सांगितलं, आठ मिनिटं.

नाना थांबले. आत कुणीतरी पुडा उचलला, पिशवीत टाकला, पिशवी शटरखालून बाहेर आली. रांगेतल्या एका पोरानं ती घेतली, गाडीला अडकवली, मोबाईल पाहिला, चालू केलेली गाडी बंद केली, पुन्हा मोबाईल पाहिला. नाना नकाशाकडं टक लावून होते. नकाशावरची गाडी जागची हलेना. गेट उघडलं नसावं. सहा मिनिटं झाली तसा त्यांनी फोन लावला.

चार पावलांवर त्या पोराच्या खिशात घंटी वाजली.

"हॅलो, कुठवर आलात भाऊ?"

"काका," तो पोरगा म्हणाला, "जरा मागं बघता का?"

"थांबा," नाना म्हणाले, "तिथंच थांबा. मीच येतो."